नळ सोडून सांगायची गोष्ट

दवाखान्यात तिला सगळे टपालबाई म्हणत. नाव डॉक्टरीणबाईंनी ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं, की हजेरीला खरं नाव पुकारलं तर तिचं स्वतःचंच लक्ष नसे. काम टपालाचंच होतं म्हणा. फक्त या टपालावर पाठवणाऱ्याचं नाव नसायचं, मजकूर दोन ओळींचा असायचा, आणि तो मिळाल्याचा आनंद आजवर कोणालाही झालेला नव्हता.

दवाखाना गुप्तरोगांचा. मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराला लागून एक लांबट खोली, दारावर नुसता नऊ आकडा. पाटी नव्हती, कारण पाटी लावली की माणसं दारावरून सरळ पुढे निघून जातात हे अनुभवानं कळलेलं होतं. येणारा प्रत्येक जण ताकाला येऊन भांडं लपवणारा. कोणाची म्हणे कंबर दुखत असे, कोणी मित्राबद्दल विचारायला आलेला असे. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणत, "बरं. मित्राला म्हणावं, पडद्यामागे जा आणि पँट सैल कर." मित्र बिचारा मुकाट्यानं पडद्यामागे जाई.

रक्तात काही सापडलं की टपालबाईचं काम सुरू व्हायचं. हा आजार एकट्याचा कधीच नसतो. कुठून तरी आलेला असतो आणि कुठे तरी गेलेला असतो. ती माणसं हुडकून त्यांना सांगायचं, की बाबा रे, तुझंही रक्त तपासून घे. कोणी तुझं नाव दिलं ते मात्र मरेपर्यंत सांगायचं नाही. एकोणीस वर्षं ती हे करत होती आणि एकोणीस वर्षांत तिच्या तोंडून एकही नाव फुटलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा तिचा सगळा धर्म. दुसऱ्या कुठल्या धर्मासाठी तिला सवड मिळाली नव्हती.

तिची रीत ठरलेली होती. कापडी पिशवी, त्यात फाइल, पायात साध्या चपला. दार उघडलं की म्हणायचं, सर्वेक्षण आहे. सर्वेक्षण कसलं हे कोणी विचारत नाही, लोकांना एवढंच पाहिजे असतं की ते लवकर संपावं. दोन-चार फालतू प्रश्न विचारून झाले की मग म्हणायचं, घोटभर पाणी मिळेल का? बाई पाणी आणायला आत वळली की तिच्या मागोमाग जायचं, राहू द्या, तुम्ही कशाला आणता, मीच येते. स्वयंपाकघरात घरातली बाई एकटी असते. तिथे म्हणायचं, जरा नळ सोडता का, हात धुते. नळ धो धो सुटला की त्या आवाजाच्या आडोशाला दोन ओळी बोलायच्या, चिठ्ठी हातात सरकवायची, नळ बंद करायचा आणि बाहेर येऊन सासूला किंवा नवऱ्याला विचारायचं, "तर मग घरात एकूण माणसं किती म्हणालात?"

दारात बोलायचं नाही, हा एकच नियम तिनं कधी मोडला नव्हता. दाराला शेजाऱ्यांचे कान असतात. नवीन माणसं कामाला लागली की ती त्यांना एवढंच शिकवायची. पाणी ती एकच घोट प्यायची. दिवसाला आठ-दहा घरं फिरणाऱ्या बाईनं प्रत्येक घरी ग्लासभर पाणी प्यायलं तर पुढची पंचाईत कोण सोडवणार?

घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. आता हात थरथरत आणि कानांनी तर कधीच राम म्हटला होता. दिवसभर कुजबुजून घरी आलेली ही बाई दारातूनच ओरडायला लागे, "गोळी घेतली का? गोळी!" खालच्या मजल्यावरचे तिला कजाग समजत. तिनं कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

साथ यायच्या आधीच्या आठवड्यात खोली नऊमध्ये एक लिफ्टवाला आला. लिफ्ट दुरुस्त करणारा, तिशीचा, अंगानं सडपातळ. दोन्ही तळहातांवर तांबूस चट्टे उठले होते. त्याची समजूत अशी की ग्रीस बाधलं. कातडीच्या डॉक्टरांनी तळहात पाहिले, मग पायांचे तळवे पाहिले आणि त्याला मागच्या अंगाला पाठवलं. रक्तात गरमी, म्हणजे सिफिलिस, निघाली. त्याला तिथेच इंजेक्शन मिळालं. एका बाईचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. दुसरी त्याची बायको, आणि ती सहा महिन्यांची गरोदर होती.

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवून नीट समजावलं. बायकोचं रक्त तिसऱ्या महिन्यात तपासलेलं होतं, तेव्हा काही नव्हतं, त्यामुळे त्यावर आता विसंबता येत नाही. बायकोला लागण झाली असेल तर ती तिच्या अंगावर दिसेलच असं नाही, पण पोटातल्या मुलापर्यंत जाते. मूल पोटातच जाऊ शकतं. आणि आत्ता, वेळेवर, इंजेक्शन मिळालं तर आई आणि मूल दोघंही सुखरूप राहतात. सगळं त्या सुईवर आहे. लिफ्टवाला मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मीच आणतो तिला. पंधरा दिवस द्या."

नियमानं पंधरा दिवस देता येत होते, म्हणून दिले. टपालबाईनं कार्ड लिहून निळ्या खोक्यात ठेवलं. पंधरा दिवसांत बायको आली नाही तर सोळाव्या दिवशी ती जाणार होती. नवव्या दिवशी सगळं बंद झालं.

खोली नऊ दुपारच्या आत रिकामी केली. रक्त तपासायचं यंत्र तापाच्या कामासाठी उचलून नेलं. डॉक्टरीणबाईंना श्वास अडकलेल्यांच्या वॉर्डात नेमलं. कार्डांची खोकी लोखंडी कपाटात कोंबली, कपाटाला कुलूप, आणि कपाटापुढे मास्कची पुठ्ठ्याची खोकी छतापर्यंत रचली. टपालबाईनं निळ्या खोक्यातल्या त्या कार्डाबद्दल विचारलं तेव्हा सामान हलवणारा साहेब म्हणाला, बाई, बाहेर काय चाललंय ते बघा. खोटं नव्हतं त्याचं. बाहेर खरंच फार वाईट चाललं होतं.

पण कुलूप लागायच्या आधी तिनं त्या कार्डावरचा पत्ता आणि फोन नंबर एका चिठोऱ्यावर उतरवून चष्म्याच्या डबीत ठेवला होता. एकोणीस वर्षांत केलेली ती पहिली चोरी.

सोळाव्या दिवशी तिनं फोन लावला. लिफ्टवाल्यानं उचलला, तिचा आवाज ओळखला आणि म्हणाला, राँग नंबर. चार दिवसांनी लावला तर त्याच्या आईनं उचलला. मागे बातम्या ठणाणा करत होत्या. टपालबाईनं सर्वेक्षण म्हणून फोन ठेवून दिला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बायकोनंच उचलला. टपालबाईनं विचारलं, तुम्ही एकट्या आहात का? पलीकडून ती भाबडेपणानं म्हणाली, "एकटी कशी असेन? सगळे घरीच आहोत ना." दोन खोल्यांत तीन माणसं, चोवीस तास. जरा गॅलरीत जाऊन बोलाल का, असं टपालबाई म्हणाली, तर सासूचा आवाज आला, "ठेव तो फोन. गोड बोलून फसवणारे असतात हे." म्हातारीचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवसांत तसे फोन येतच होते. नंतर टपालबाईचा नंबर तिथे लागेनासा झाला.

गरोदर बायकांची नेहमीची तपासणीही तोवर बंद पडली होती. कळा सुरू झाल्याशिवाय येऊ नका, असा कागद फाटकावर डकवला होता. म्हणजे सातव्या महिन्यात रक्त तपासतात तेही हुकलं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी टपालबाईची गत झाली. दारात बोलता येत नाही आणि घरात शिरता येत नाही.

तिला तापाच्या कामावर घातलं होतं. सोबत शाळेतले गणिताचे मास्तर. त्यांच्या हातात वही, तिच्या हातात कपाळावर रोखायचं तापमापक. रोज साठ दारं. आत पाऊल टाकायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, कोणी काही दिलं तर घ्यायचं नाही, हे रोज सकाळी म्हणून दाखवायला लागे. मास्तरांना अशा गोष्टी फार आवडत.

महिनाभरानं वरच्या साहेबांची बैठक झाली, पडद्यावरची. टपालबाई मास्तरांच्या फोनवर बघत होती. तापाचे तक्ते झाले आणि मग साहेबांनी एक तक्ता दाखवला, ज्याची रेघ उताराला लागलेल्या हातगाडीसारखी खाली आली होती. गुप्तरोगाचे नवे रुग्ण सत्तर टक्क्यांनी घटले. साहेब म्हणाले, माणसं घरात बसली त्याचा हाही एक फायदा म्हणायचा. पडद्यावर टाळ्यांची चित्रं उगवली.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे साहेबांना त्यांच्या आईनं सांगितलं नसावं. तपासणारं यंत्र खोलीतून उचलून नेलं तर रुग्ण सापडणार कुठून? आणि माणसं घरात बसली म्हणे. टपालबाई रोज साठ दारं बघत होती. माणसं मास्क लावून जिन्यात भेटत होती, गच्चीवर भेटत होती, सामान पोचवण्याच्या नावाखाली भेटत होती. ज्यांची जळजळ थांबत नव्हती ते औषधांच्या दुकानातून कोणी सांगितलेल्या गोळ्या आणून दोन दिवस खात होते आणि बरं वाटलं की उरलेल्या भावाला देत होते. भीती एका आजाराची होती आणि दुसरा आजार त्या भीतीच्या आडून आरामात फिरत होता. हे सगळं तिला बोलायचं होतं. तिनं बटण शोधलं, पण बोलायचं बटण साहेबांकडेच होतं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, तिनं हजेरीच्या टेबलावर आपला भाग बदलून मागितला. लिफ्टवाल्याचं घर ज्या गल्लीत होतं ती गल्ली दुसऱ्या जोडीकडे होती. त्या जोडीला चार मजल्यांच्या इमारती नकोच होत्या, त्यामुळे बदल हसत मिळाला. टपालबाईनं मनाशी हिशोब केला. आठवा महिना लागला असणार. अजून वेळ होता. थोडा होता, पण होता.

ऊन भाजून काढत होतं. अंगात पांढरा प्लास्टिकचा पोशाख, डोक्यापासून टाचेपर्यंत, आत घामाचे ओघळ. चष्म्यावर वाफ. तिसऱ्या मजल्यावर डावीकडचं दार. मास्तरांनी बेल वाजवली. दार बायकोनंच उघडलं. पोट चांगलं पुढे आलेलं, एक हात कंबरेवर, केस ओले, चेहरा हसरा. मागे खुर्चीत सासू, दाराकडेच तोंड करून. त्या दिवसांत दार हाच सगळ्यांचा सिनेमा होता. फरशीवर टेबलफॅनचे सुटे भाग मांडून लिफ्टवाला बसलेला. त्यानं वर बघितलं. एवढ्या प्लास्टिकमधून त्यानं तिला कसं ओळखलं कोण जाणे, पण ओळखलं. हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच ठेवून तो उठला आणि बायकोच्या मागे येऊन उभा राहिला.

माणसं किती? तीन. ताप? नाही. खोकला? नाही. वास येतो, चव लागते? लागते, लागते, म्हणून सासू हसली, सुनेच्या हाताला चव आहे. मास्तर लिहीत होते. टपालबाईनं कपाळावर यंत्र रोखलं. सत्त्याण्णव पूर्णांक आठ.

तेवढ्यात बायको म्हणाली, "किती घाम आलाय हो तुम्हाला. आत या ना, पाणी देते."

एकोणीस वर्षं पाणी तिनं मागितलं होतं. मागितल्याशिवाय ते दार कधी उघडलं नव्हतं. आज ते आपणहून उघडलं होतं, गरोदर बाईनं एका हातानं धरून ठेवलं होतं. चार पावलं, स्वयंपाकघर, नळ. नवरा काय करणार होता? मास्तर काय करणार होते, वहीत लिहिणार होते?

आणि टपालबाईच्या तोंडून निघालं, "नको. आम्हाला परवानगी नाही."

त्या दिवशी एकतीस दारांवर ती हेच म्हणाली होती. बत्तिसाव्या दारावरही तेच निघालं. जिभेला वळण लागलं की ती मालकाला विचारत नाही. बायको म्हणाली, बरं, जपून राहा हं, आणि दार लागलं. मास्तरांनी दारावर निळी चकती चिकटवली. निळी म्हणजे या घरात आजार नाही.

ती जिन्यात थांबली. परत बेल वाजवावी असं तिला वाटलं. पण पोशाखातली माणसं एका दारावर दोनदा गेली की अख्खी इमारत त्या घराला वाळीत टाकत होती. तिनं तशी घरं बघितली होती. समोरच्या दाराच्या फटीतून एक डोळा बघतही होता. तिनं ठरवलं, परवा साध्या कपड्यांत येऊ, पिशवी-फाइल घेऊन, नेहमीसारखं. मास्तर वरून म्हणाले, "चला, पुढचं घर." ती पुढच्या घराला गेली.

दुसऱ्या दिवशी तिलाच ताप भरला. सतरा दिवस एका शाळेच्या वर्गात गादीवर काढले, फळ्यावर कोणी तरी लिहिलेलं गणित बघत. जिवावर बेतलं नाही, पण उठली तेव्हा भिंतीला धरून चालत होती आणि तोंडाची चव गेली होती. घरी आल्यावर तिनं वडिलांच्या फोनवरून नंबर लावला. लिफ्टवाल्यानं उचलला. तिचा आवाज ऐकून म्हणाला, "आता काय उपयोग? मूल गेलं. गेल्या मंगळवारी. पोटातच."

तिनं विचारलं, तिला सांगितलंत का तुम्ही? फोन बंद झाला होता.

त्यानंतरचे दिवस टपालबाईला पुढे कधी नीट आठवले नाहीत. ती जेवायची, पण घास चावून गिळायचं काम असल्यासारखी. मीठ जास्त पडलं की वडील सांगत, तिला कळत नसे. रडू येईल म्हणून तिनं बरीच वाट बघितली. ते आलं नाही. कामावर जायची, दारं मोजायची, यायची. एका संध्याकाळी टीव्ही मोठ्यानं चालू होता आणि वडील आकडे वाचत बसले होते, तेव्हा ती त्यांच्या शेजारी बसून हलक्या आवाजात सगळं बोलली. पहिल्यापासून. लिफ्टवाला, नंबर, जिना, पाणी. "माझ्यामुळे गेलं ते मूल," असंही म्हणाली. वडिलांनी तिच्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, "हो ना. आज जरा कमी आहेत." ते रुग्णांबद्दल बोलत होते. तिनं उठून त्यांची गोळी दिली.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या होत्या, मास्कचे वळ गालांवर उमटलेले. त्या म्हणाल्या, तेव्हा तुम्ही सांगितलं असतंत तरी इंजेक्शन द्यायला मी नव्हते, सुई कुठे होती, यंत्र कुठे होतं. हे खरं होतं. टपालबाईला ते पटलंही. पण रुग्णालयाच्या औषधांच्या खोलीत ती इंजेक्शनं पडून होती, आणि एका ओळखीच्या नर्सला सांगून ती मिळाली असती, हेही खरं होतं आणि दोघींनाही ते माहीत होतं.

पावसाळा सरता सरता खोली नऊ पुन्हा उघडली. मास्कची खोकी हलली, यंत्र परत आलं, कपाट उघडलं. पहिल्याच आठवड्यात इतकी माणसं आली की बाकं पुरेनात. रेघ परत वर गेली. वरून विचारणा झाली की रुग्ण अचानक कसे वाढले. डॉक्टरीणबाईंनी तो कागद फाइलला लावला आणि निळं खोकं पुढ्यात ओढलं. एक एक कार्ड बघता बघता त्या थांबल्या.

"हिला अजून निरोप गेलेला नाही?"

टपालबाई नाही म्हणाली. मूल गेलं तरी आजार तिच्या रक्तात तसाच असणार होता. पुढच्या वेळीही असणार होता. कोणी तरी जायलाच हवं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसऱ्या कोणाला पाठवते. टपालबाईनं कार्ड हातातून घेतलं आणि म्हणाली, मी जाते.

ती सकाळी अकराला गेली. लिफ्ट पुन्हा सुरू झाल्या होत्या, म्हणजे नवरा कामावर असणार. पिशवी, फाइल, साध्या चपला, तोंडाला मास्क. दारावरची निळी चकती अजून होती, कडा उन्हानं पांढऱ्या पडलेल्या. दार बायकोनंच उघडलं. हात कंबरेवरच होता, सवयीनं. सासू आतल्या खोलीत पडली होती. सर्वेक्षण, टपालबाई म्हणाली. दोन प्रश्न विचारले. मग घोटभर पाणी मागितलं.

स्वयंपाकघर नीटनेटकं होतं. बायकोनं ग्लास भरून ओट्यावर ठेवला. टपालबाई म्हणाली, जरा नळ सोडता का, हात धुते. नळ सुटला. तिनं दोन ओळी सांगितल्या, शेकडो वेळा सांगितलेल्या. तुमच्या जवळच्या एका माणसाच्या रक्तात आजार सापडला आहे. कोणाच्या ते सांगता येत नाही, तुमचं रक्त तपासून घ्या, इंजेक्शननं बरा होतो. आजाराचं नाव सांगितलं. चिठ्ठी पुढे केली.

बायकोनं चिठ्ठी घेतली नाही. नळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "याच्यानं पोटातलं मूल जातं का?"

"जाऊ शकतं."

"आई म्हणतात, मी पाण्याच्या बादल्या उचलल्या म्हणून गेलं." ती अगदी साध्या आवाजात बोलत होती. "मलाही तसंच वाटतं. दोन मजले उचलल्या होत्या."

टपालबाई म्हणाली, बादल्यांनी नाही जात. याला ठरलेल्या ओळींत जागा नव्हती, तरी म्हणाली.

बायकोनं आता तिच्याकडे नीट पाहिलं. मास्कच्या वरचा भाग, डोळे, कपाळ. "तुम्ही ताप बघायला आला होतात. पांढऱ्या कपड्यात. तुमचा आवाज ओळखला मी."

"हो."

"तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणणं सोपं होतं, नियमाला धरून होतं, आणि कोणाचं त्यात काही बिघडणारही नव्हतं. नळ वाहत होता.

"हो," टपालबाई म्हणाली. "माहीत होतं. त्यासाठीच आले होते."

"मी तुम्हाला आत या म्हटलं होतं."

"हो."

बायकोनं हात पुढे करून नळ बंद केला. एवढं शांत झालं की आतल्या खोलीतला पंखा ऐकू यायला लागला. तिनं ओट्यावरचा ग्लास उचलून टपालबाईच्या हातात दिला. "पाणी प्या," म्हणाली. टपालबाईनं मास्क हनुवटीखाली ओढला आणि एक घोट घेतला. बायको बघत उभी होती. टपालबाईनं सगळा ग्लास संपवला, उभ्या उभ्या, शेवटच्या थेंबापर्यंत. पाणी होतं एवढंच तिला कळलं.

"कोण आहे गं?" आतून सासूनं विचारलं.

"आई, जरा इकडे या," बायकोनं हाक मारली. आवाज कमी केला नाही. सासू भिंतीला धरत दारात येऊन उभी राहिली तेव्हा ती म्हणाली, "बादल्यांबद्दल सांगतायत या." मग टपालबाईकडे वळली, "यांना नीट ऐकू जाईल असं सांगा. आईंना जरा कमी ऐकू येतं."

टपालबाईनं चिठ्ठीची घडी केली. मग ती घरी वडिलांशी बोलते त्या आवाजात, पहिल्या ओळीपासून पुन्हा सांगायला लागली. समोरच्या घराचं दार उघडल्याचा आवाज आला. ती थांबली नाही. सगळं सांगून झालं तेव्हा सासूनं सुनेकडे बघितलं नाही. ओट्याला धरून तिनं एवढंच विचारलं, "कोणाच्या रक्तात?"

"ते मला सांगता येत नाही," टपालबाई मोठ्यानं म्हणाली.

सासू हळूहळू खाली बसली. दाराजवळच्या खुंटीवर तिच्या मुलाचा कामाचा दुसरा सदरा लटकत होता, बाह्यांना ग्रीस लागलेला. ती त्या सदऱ्याकडे बघत राहिली. सुनेनं रिकामा ग्लास विसळला आणि पालथा घातला.